खांद्यात काहीच नव्हतं

लोकेशचे हात आधी तोंडं फोडायचे. बेव्हर्ली पार्कात त्याच्याकडे दुखणं घेऊन येणाऱ्या बायकांना हे माहीत नव्हतं, आणि तोही सांगत फिरायचा नाही. भाईंदरच्या एका जिममध्ये तो किकबॉक्सिंग शिकवायचा, स्वतः रिंगमध्ये उतरायचा. एकदा एका पोराचा जबडा असा मोडला, की पुढे कितीतरी दिवस जेवताना कुणी पापड मोडला तरी लोकेशच्या घशात घास अडकायचा.

मग त्याचीच मान गेली. एमआरआय झाला, गोळ्या झाल्या, गळ्यात पट्टा झाला. शेवटी कुणीतरी हातानं उपचार करणाऱ्या उर्मिला मॅडमकडे नेलं. त्यांनी नुसता हात ठेवला. तेल नाही, दाबणं नाही, कडाकडा मोडणं नाही. पाच रुपयाचं नाणं ठेवावं एवढ्या वजनाचा हात. काही खेपांनंतर मान वळली. लोकेशला आधी रागच आला, एवढं सोपं होतं तर एवढे दिवस का सडवलं मला? मग तो त्यांच्याकडेच शिकायला बसला.

आता त्याचा स्वतःचा गाळा होता. एक टेबल, एक पंखा, एक पडदा, आणि भिंतीला भिंत लावून ममताताईचं ब्युटी पार्लर. मॅडमनी त्याला दोन गोष्टी बजावल्या होत्या. एक, हात ठेवायच्या आधी विचारायचं. दर वेळी, प्रत्येकाला. आणि माणूस नको म्हणाला तर विषय संपला. दुसरी, जे दुखणं हाताला सापडत नाही ते आपलं नाही, सरळ डॉक्टरकडे पाठवायचं.

पहिली गोष्ट त्याच्या अंगात भिनली होती. दुसरीच्या वेळी मात्र त्याचं डोकं जरा जास्त चालायचं. कारण त्यानं वाचलं होतं. मोबाइलवर वाचून वाचून डोळे लाल केले होते. कातडीखाली, स्नायूंभोवती एक जाळं असतं, फॅशिया म्हणतात, डोक्यापासून टाचेपर्यंत सलग. पूर्वी चिरफाड करताना डॉक्टर लोक ते खरवडून बाजूला टाकायचे, टीव्हीच्या खोक्यातलं थर्माकोल आपण फेकतो तसं. आता कळतंय की त्यात नसा आहेत, पाणी आहे, ते आखडतं, ओढलं जातं, दुखणं कळवतं. येईल त्याला तो हे ऐकवायचा. "सगळं सगळ्याला जोडलेलं असतं," हे त्याचं आवडतं वाक्य.

ह्याच वाक्यापायी त्याची बहीण मरायला टेकली.

दुपारची वेळ होती. निशा रिक्षातून उतरून आत आली आणि दाराची चौकट धरून उभी राहिली. ती वरसाव्याला राहायची. नवरा सुमेध, स्वतःचा टेम्पो चालवायचा.

"दादा, खांदा बघ ना जरा. डावा. लई ठणकतोय."

तिनं ओढणी सारखी केली, तेवढ्यात लोकेशला तिचा दंड दिसला. चार बोटं आणि एक अंगठा, निळे, छापा मारल्यासारखे.

"दाजी?"

निशा पडद्याकडे बघत राहिली.

"हात मुरगाळला का?"

"हं," ती म्हणाली. "आईला सांगू नको."

लोकेशनं चादर सरळ केली, तिला झोपवलं. "हात ठेवू का?"

"मला पण विचारणार?"

"सगळ्यांना विचारतो."

"ठेव बाबा. घरी कोण विचारतंय."

त्यानं हात ठेवला. खांदा मऊ होता. मुरगाळलेला खांदा असा नसतो, तो कुत्र्यासारखा गुरगुरतो. हा भिजवलेल्या कणकेसारखा पडला होता. त्याचा हात खाली गेला, वर आला, मानेपर्यंत चाचपलं. काहीच नाही.

"झोपल्यावर जास्त दुखतंय रे."

"हं. खोल असेल. दुसरीकडून ओढत असेल. सगळं जोडलेलं असतं ना."

मग ती थरथरायला लागली. कपाळावर घाम, आणि हात थंड. लोकेशनं हे टेबलावर किती वेळा पाहिलं होतं! हात ठेवला की माणसं थरथरतात, रडतात, एक बाई तर अर्धा तास हसत होती. "घाबरू नको, चांगलंय," तो म्हणाला. "धरून ठेवलेलं बाहेर पडतंय."

"पाणी दे."

दोन घोट पाजले. तिचे ओठ पांढरे झाले होते. लोकेशला ओठ दिसले नाहीत. त्याला तो दंड दिसत होता.

"पड अशीच. मी आलोच."

"दादा." तिनं त्याचा शर्ट पकडला. "मारू नको त्याला."

"नाही मारत."

बाहेर पडताना त्यानं पार्लरमध्ये डोकं घातलं. "ताई, निशा आत झोपलीये. उठवू नका, पडू दे तिला."

"हो रे. तू कुठं चाललास असा? दूध जाळलंय का कुणी तुझं?"

त्यानं बाईकला किक मारली.

वरसाव्याला पुलाच्या अलीकडे टायरवाल्याच्या टपरीपाशी टेम्पो उभा होता, मागचं एक चाक काढलेलं. सुमेध उलट्या क्रेटवर बसून चहा पीत होता. टायरवाला चाक घेऊन हवा भरायला गेलेला.

"या या, मालिशवाले!" सुमेध ओरडला. "बायकांची पाठ चोळून झाली? आज आमचे पण पाय दाबा."

"दाजी," लोकेश म्हणाला आणि त्याच्या तोंडावर मारलं.

चहाचा ग्लास फुटला. नाकाचं हाड मोडलेलं लोकेशला मुठीत कळलं, शेंगदाण्याचं टरफल मोडावं तसं. सुमेध मागे पडला, पण तो काही लेचापेचा नव्हता. पडता पडता त्यानं जॅकचा दांडा ओढला आणि वर येतानाच फिरवला. लोकेशनं उजवा हात आडवा घातला. कटकन आवाज झाला. दोन बोटं नको त्या बाजूला वळली.

त्याला दुखलंसुद्धा नाही. तो आत घुसला, कोपर जबड्यावर, गुडघा मांडीवर. पूर्वी तो आंधळा मारायचा, लागेल तिथे. आता त्याच्या हातांना माणूस वाचता येत होता. कुठली बरगडी तरंगती, कुठली नस हाडावरून जाते, कुठे बोट नुसतं रुतवलं तरी गडी लोळतो. इतकी वर्षं अलगद शिकलेलं सगळं हातांनी काढलं आणि वापरलं. सुमेध गुरासारखा ओरडत होता. लोकेशनं त्याचा डावा खांदा धरला, पाठीत गुडघा रोवला आणि हात मागे नेला. अजून नेला. सांधा खोबणीतून सुटला.

"खांदा मुरगाळतोस काय? बायकोचा? बघ आता कसा लागतो!"

"कुठला खांदा!" सुमेधच्या तोंडातून रक्त आणि शब्द एकत्रच येत होते. "आईशपथ, खांद्याला हात नाय लावला!"

"खोटं बोलतोस?"

"पोटात मारली! एकच लाथ! इथं, फासळीखाली!"

"आणि दंड?"

"दंड धरलेला फक्त. पळू नये म्हणून."

लोकेशचा हात वर होता. खाली आलाच नाही.

डावीकडे, फासळीखाली. तिथे पांथरी असते, डॉक्टर लोक स्प्लीन म्हणतात. मॅडमनी एकदा फळ्यावर काढून दाखवली होती. ती फुटली की रक्त पोटात साठतं, आणि दुखतं कुठे? डाव्या खांद्यात. आडवं झालं की जास्त. खांदा चाचपला तर काही सापडत नाही. मॅडम हे सांगत होत्या, आणि लोकेश मागच्या बाकावर खूश होऊन म्हणाला होता, बघा, सगळं जोडलेलं असतं!

घाम. थंड हात. पाणी दे. आणि तो काय म्हणाला? चांगलंय.

त्यानं सुमेधला सोडून डाव्या हातानं फोन काढला. निशा उचलेना. मग ममताताईला लावला, तिनं उचलला.

"ताई, निशाला उठवा!"

"अरे, तूच बोललास ना उठवू नको? क्या तुम भी..."

"उठवा!"

चपलांचा आवाज आला. पडदा सरकला. आणि त्याच क्षणी लोकेशच्या पाठीत दांडा बसला. सुमेध उठला होता, एका हातानं मारत होता. लोकेश टेम्पोच्या फळीवर आदळला, पण फोन त्यानं कानाला दाबून धरला.

"लोकेश, ही उठत नाही रे. पांढरीफटक पडलीये. निशा! ए निशा!"

"रिक्षात घाला. हॉस्पिटलमध्ये न्या." दुसरा फटका कुल्ल्यावर. "सांगा, पोटात लाथ बसलीये. डावीकडे. पांथरी फुटली असेल, आत रक्त जातंय."

"खांद्याचं बोलत होती ना ती?"

तिसरा फटका कानामागे. डोळ्यांपुढे पांढरं झालं. मागे वळला असता तर सुमेधला त्यानं तिथेच संपवलं असतं, हे दोघांनाही माहीत होतं. तो वळला नाही.

"खांदा विसरा! खांद्यात काहीच नाही. पोट सांगा. बोलून दाखवा मला, काय सांगणार?"

"पोटात लाथ. डावीकडे. आत रक्त." ममताताई रडत होती. "ए रिक्षा! रुक, रुक! अरे भैया, बाजू से पकड इसको!"

रिक्षा सुरू झाल्याचा आवाज ऐकला, तेव्हाच त्यानं फोन खाली केला. सुमेध दांडा टेकून धापा टाकत उभा होता. लोकेश त्याच्या बाजूनं निघून गेला, डाव्या हातानं बाईक उभी केली, आणि मोडलेली बोटं ॲक्सिलरेटरवर घालून तो पिळला. तेव्हा मात्र तो ओरडला. काशिमीऱ्यापर्यंत ओरडतच गेला.

निशाची पांथरी काढावी लागली. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर हिला आणून उपयोग नव्हता. लोकेशच्या हाताला प्लास्टर लागलं, डोक्याला टाके पडले. बोटं पूर्वीसारखी होतील का, यावर डॉक्टरांनी नुसती मान हलवली.

ती शुद्धीवर येऊन बोलायला लागली तेव्हा तो पलंगाशेजारी स्टुलावर बसला होता.

"मारलंस ना?"

"हो."

"नाही मारत म्हणालास मला."

लोकेश प्लास्टरच्या कडेचा कापूस आत खोचत राहिला.

"मी हाका मारत होते. आवाजच निघत नव्हता. वाटलं, ममताताई येईल. तू तिला पण सांगून गेलास, उठवू नका." तिनं सावकाश श्वास घेतला, टाके ओढत होते. "मला सोडून गेलास. मारायला."

"पोटाचं का नाही सांगितलंस, निशे?"

"लाज वाटली. लाथ खाल्ली असं कसं सांगू? तू हात मुरगाळला का विचारलंस, मी हं म्हटलं. ते बरं वाटलं सांगायला."

खाली कुणाची तरी ट्रॉली खडखडत गेली.

"पोलीस येऊन गेले," निशा म्हणाली. "मी त्याचं सगळं सांगितलं. पहिल्यापासून. तुझं पण विचारतील. तुझं तू सांग, मी झाकणार नाही."

"नको झाकू."

तिचा हात चादरीवर पडला होता, सुई टोचलेला, दंडावरची बोटं आता हिरवी झालेली. लोकेशनं आपला डावा हात उचलला. तो धड होता. मध्येच थांबला.

"हात ठेवू का?"

निशानं त्याच्याकडे पाहिलं.

"नको."

त्यानं हात मागे घेतला आणि मांडीवर ठेवला. ती त्या हाताकडे बघत राहिली, तो हलतोय का ते. हलला नाही. मग तिनं डोळे मिटले.