गादी लाटेवर उभी राहते

लहानपणापासून घरात मला गादी म्हणतात आणि माझ्या धाकट्या बहिणीला शेंग. ही नावं कुणी ठेवली ते आता आठवत नाही, पण ज्यानं कुणी ठेवली त्याची नजर चांगली होती. पन्नाशी ओलांडली तरी शेंग शेंगच राहिली आणि गादीत कापूस वाढतच गेला.

बाजाराच्या मागच्या गल्लीत माझं शिवणकामाचं दुकान आहे. एक खिडकी, एक उभा आरसा, विजेवरची दोन मशीनं आणि बहुतेक गिऱ्हाईक माझ्याच आकाराचं. बारीक माणसांना काय, तयार कपडे कुठेही मिळतात, ती कशाला येतील माझ्याकडे? दुकानाचे नियम दोन. पहिला, कपड्यात भरपूर ढील ठेवायची. माझ्या दुकानात कुणीही पोट आत ओढून उभं राहायचं नाही. दुसरा, शिलाई वाकडी दिसली की उसवायची. मग ती माझी स्वतःची असली तरी आणि गिऱ्हाईक दारात ताटकळत असलं तरी.

हे सगळं मला आईनं शिकवलं, तिच्या पायाच्या मशीनवर. आणि आई गेल्यावर ते मशीन गेलं कुणाकडे? शेंगेकडे! तिला साधं बटण लावता येत नाही. आईनंच तसं सांगून ठेवलं होतं म्हणे, धाकटीला मशीन. मी तेव्हा तोंडातून अवाक्षर काढलं नाही, म्हणजे पहिले दोन दिवस काढलं नाही. नंतर पुष्कळ काढलं.

त्या दिवशी मी तिच्याकडे चहाला गेले होते. तिचं घर समुद्रासमोर. गॅलरीत पाहते तर आईच्या मशीनवर ही मोठी कुंडी! खालून पाणी झिरपतंय आणि फळीचं लाकूड फुगलंय. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"अगं, लाज नाही वाटत? ते मशीन आहे, झाडाचं स्टूल नाही!"

"मग काय करू? आरती ओवाळू?" शेंग थंडपणे म्हणाली. "माझ्या वाटणीचं आहे, ताई."

"मला दे. मी वापरीन तरी."

ती समुद्राकडे बघत चहा पीत राहिली. खाली काही माणसं फळीवर उभी राहून लाटांवरून सरसर किनाऱ्याला येत होती. शेंगेच्या डोळ्यांत ती चमक आली. ही चमक मला लहानपणापासून माहीत आहे, आणि तिच्या नंतर दर वेळी मार मीच खाल्लाय.

"देते," ती म्हणाली. "त्या फळीवर एकदा उभी राहून दाखव. कशाला धरायचं नाही, कुणाचा आधार नाही. मशीन तुझं. नाही जमलं तर मशीनचा विषय जन्मात काढायचा नाही."

आता कुठल्याही शहाण्या बाईनं चहा संपवला असता आणि घर गाठलं असतं. मी कप आपटला आणि म्हटलं, "ठरलं!"

लाटांवर उभं राहायला शिकवणारा माणूस दिवसा केस कापतो. पहाटे समुद्र, मग दुकान. सगळे त्याला मास्तर म्हणतात. कानशिलं पांढरी झालेली, आणि मला म्हणतो कसा, "या काकू." काकू! मी त्याच्याकडे असं बघितलं की बिचारा फळी पुसायला लागला.

पाणी थंड असतं म्हणून रबराचा सूट घालावा लागतो. त्याच्याकडचा सगळ्यात मोठा सूट माझ्या गुडघ्यापर्यंत आला आणि तिथेच त्यानं संप केला. वर येईना, खाली जाईना. शेवटी मी वाळूत बसले, मास्तरांनी एक पाय धरला, शेंगेनं दुसरा, आणि दोघांनी मला सोललं. हो, शेंग आली होती ना! पंच म्हणून. घडीची खुर्ची, डोक्यावर टोपी, हातात थर्मास. हसून हसून तिला ठसका लागला.

"ताई, आतापर्यंतचंच बघून माझे पैसे वसूल झाले."

"तू एक दमडी तरी दिलीस का गं?"

मी मनात म्हटलं, सूटच हवा ना? मी काय हात बांधून बसलेय? रबराचं कापड मागवलं आणि दुकान बंद करून सूट बेतला. माझ्या नियमानं बेतला. काखेत ढील, कमरेत ढील, मांड्यांना तर सढळ हातानं ढील, शिवाय पुढे अंग वाढलं तर उसवायला शिलाईत कापड राखलेलं. आरशासमोर उभी राहिले आणि स्वतःच्याच कामावर खूश झाले. इतकं ऐसपैस मला कुठल्याच कपड्यात वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ऐटीत पाण्यात शिरले. पहिली लाट आली ती थेट माझ्या गळ्यातून आत गेली. दुसरी आली, तीही आत. मी उठायला गेले तर उठवेना. सूट पाण्यानं टम्म फुगला होता आणि मी मूळच्या गादीवर आणखी एक गादी गुंडाळून बसले होते. मास्तरांनी खांद्याला धरून ओढत काठावर आणलं, तेव्हा दोन्ही पायांच्या तळाशी नळ सोडल्यासारखं पाणी वाहायला लागलं. शेंग खुर्चीवरून खाली पडली होती.

"काकू," मास्तर फार सांभाळून बोलले, "हा सूट अंगाला चिकटून बसायला लागतो. आत थोडंही पाणी खेळता कामा नये. ढील चालत नाही."

"माझ्या दुकानात ढील चालते!"

"समुद्र तुमच्या दुकानात नाहीये हो."

चिडले, पण ते बरोबर बोलत होते. म्हणजे आता नेमकी मापं घ्यायला हवी होती. आणि इतकी वर्षं जगाची मापं घेणाऱ्या मी स्वतःचं माप कधी घेतलंच नव्हतं. माझे कपडे मी अंदाजानं बेतायची. खरं सांगते, तो आकडा मला ऐकायचाच नव्हता. शिवाय आपल्या पाठीचं माप आपल्याला घेता येत नाही, दुसरं माणूस लागतं. नवऱ्याला सांगावं तर तो मला टेप गुंडाळता गुंडाळता हसला असता आणि मग आमच्यात आठवडाभर बोलणं बंद.

संध्याकाळी शेंग आपण होऊन दुकानात आली. "दे ती टेप," म्हणाली.

मला वाटलं, आता ही एकेक आकडा गल्लीला ऐकू जाईल असा ओरडणार. पण नाही. तिनं टेप माझ्या कमरेभोवती घेतली, हळूच आकडा सांगितला, वर एक शब्द नाही. फक्त टेप उलटी धरली होती, शेवटाकडून मोजत होती.

"अगं, सुरुवात इकडून असते!"

"मला काय माहीत?" ती एकदम फटकारल्यासारखी म्हणाली. "मला कुणी शिकवलंय?"

मी टेप सरळ करून दिली. तेव्हा माझं लक्ष माझ्या मांड्यांकडे होतं, तिच्या बोलण्याकडे नव्हतं.

नवा सूट असा बसला की शिंकायचीही पंचाईत. पण पाणी आत शिरलं नाही. मास्तरांनी मला त्यांच्याकडची सगळ्यात लांब, रुंद आणि जाड फळी दिली. जड माणसाला बारकी फळी दिली की ती बुडते, माणसाचा त्यात काही दोष नसतो, असं ते म्हणाले. त्या एका वाक्यासाठी मी त्यांचं ते काकू म्हणणं माफ केलं. पालथं पडायचं, लाटेनं फळी उचलली की तळहात छातीशी रोवायचे, आधी एक गुडघा, मग पाऊल, मग दुसरं. बाकीचे एका उडीत उभे राहतात. माझी उडी म्हणाल तर ती वाळूवरच्या सरावातही दिसली नाही.

आणि मी पडले. नाकावर पडले, पाठीवर पडले, एकदा मास्तरांवर पडले. पोटात इतकं खारं पाणी गेलं की जेवणात मीठ नकोसं झालं. दर वेळी गुडघ्यापर्यंत यायचे, पाऊल नीट पडलंय ना म्हणून खाली बघायचे, की धप्प!

"पायाकडे बघू नका!" मास्तर ओरडायचे. "समोर बघा! जिकडे डोळे तिकडे अंग जातं!"

रात्री अंग ठणकायचं आणि भीती वाटायची. पडण्याची नाही, पडायला तर मी सरावले होते. हे जमलं नाही तर आईचं मशीन त्या कुंडीखालीच सडणार आणि मी चकार शब्द काढू शकणार नाही, याची.

मग एक सकाळ आली, ढगाळ, लाटा बेताच्या. मास्तरांनी फळी ढकलली. मी तळहात रोवले, गुडघा आला, पाऊल आलं, आणि सवयीनं मान खाली जाणार तोच एकदम आई आठवली. मी लहान, पाय मशीनच्या पायट्यावर जेमतेम पुरत होते, आणि ती मागे उभी राहून हेच म्हणायची. पायाकडे बघू नकोस, कापडाकडे बघ. पाय आपले शिकतात.

मी मान वर केली. समोर किनारा होता आणि किनाऱ्यावर खुर्चीत शेंग. तिच्याकडे बघतच मी उभी राहिले.

अहो, उभी राहिले! हात मोकळे, कुणाचा आधार नाही, आणि खाली अख्खा समुद्र मला पाठीवर घेऊन पळत होता. मी ओरडत होते, काय ते मलाही कळत नव्हतं. फक्त एक गोष्ट मास्तरांनी शिकवली नव्हती, थांबायचं कसं. तशी वेळ येईल असं त्यांना वाटलंच नसावं. डोळे शेंगेवर, त्यामुळे फळीही शेंगेवर. ती थर्मास टाकून पळाली. फळी वाळूत रुतली, मी पुढे उडाले आणि खुर्चीसकट आडवी झाले. घोटा मुरगळला आणि सूट मागच्या बाजूनं टर्रकन उसवला.

"ती उभी नव्हती!" शेंग लांबूनच ओरडली. "वाकलेली होती!"

"गुडघे वाकवूनच उभं राहतात," मास्तर म्हणाले. त्यांचे डोळे ओले होते. समुद्राचं पाणी म्हणाले.

शब्दाला मात्र शेंग पक्की. दुसऱ्याच दिवशी टेम्पोतून मशीन माझ्या दुकानात आलं, कुंडी वगळून. मी पट्टी बांधलेला पाय स्टुलावर ठेवून बसले होते. मशीन पुसलेलं होतं, तेल दिलेलं होतं. टेम्पो गेला तरी शेंग जाईना. चाकावर बोट फिरवत उभी राहिली.

"काय गं? पोचलं ना मशीन?"

"मी करून बघितलं होतं, ताई," ती म्हणाली. "पुष्कळदा. दुपारी दार लावून. चाक उलटंच फिरतं आणि दोरा तुटतो. दर वेळी तुटतो. मग राग आला आणि कुंडी ठेवली." "तुला आईनं हात दिला. मला नुसतं लाकूड दिलं."

इतकी वर्षं मी त्या मशीनवरून हिच्याशी भांडत होते, आणि आईजवळ बसायची जागा तर सगळी मीच अडवली होती.

"बस," मी म्हटलं.

"कुठे?"

"मशीनवर. माझा पाय चालतोय का? आणि सूट कोण शिवणार, मास्तर?"

ती बसली. मी तिच्या मागे लंगडत उभी राहिले. चाकाला हातानं पुढे कसं ढकलायचं ते दाखवलं आणि उसवलेला सूट सुईखाली सरकवला. तिची मान लगेच खाली गेली.

"पायाकडे बघू नकोस," मी म्हटलं. "कापडाकडे बघ. पाय आपले शिकतात."

शिलाई अशी वाकडी आली की गिऱ्हाइकाची असती तर मी दुकान बंद केलं असतं. घोटा बरा झाल्यापासून मी पुन्हा पाण्यात जाते, आणि बरोब्बर त्या जागेतून थंडगार पाणी आत शिरतं. मास्तर रोज म्हणतात, काकू, तेवढं उसवून नीट शिवा. मी काही उसवत नाही.