माशुआ खाऊन बाप झालेला माणूस

"थांब. चमचा ठेव खाली," मेलेसियो मास्तर म्हणाले.

फिदेन्सियोने उचललेला चमचा निमूट खाली ठेवला. खाणीपर्यंत ट्रक नेणारा, सात पोरांचा बाप असलेला दांडगा गडी. पण शाळेत याच मास्तरांनी त्याचा कान पिळला होता, आणि कान असलं काही विसरत नाही. शिवाय या खानावळीचा रिवाजच तसा होता. ताटात काय आहे ते मास्तर सांगणार, मग जेवायचं.

"हा माशुआ. तुमचे आजोबा बटाट्याच्या शेताला चारी बाजूंनी हा कंद लावायचे. का? तर याच्या उग्र वासाने कीड आत शिरत नाही. कच्चा खाल तर मुळ्यासारखा झणझणेल, पण चार उन्हं दाखवली की गोड होतो. बटाटा थंडीने मरतो, हा मरत नाही. आणि आपण काय करतो? हा डुकरांना घालतो आणि दुकानातल्या शेवया विकत आणतो."

"झालं का, मास्तर? रस्सा गार झाला."

"जेव."

बाकांवरचे सगळे ड्रायव्हर तुटून पडले. मटण संपलं, मका संपला, बटाटे संपले. माशुआचे बोटाएवढे पिवळे कंद मात्र प्रत्येक ताटाच्या काठाला ओळीने लागलेले. शेतातही काठावर, ताटातही काठावर. कारण माशुआ खाल्ला की पुरुषाचा पुरुषपणा जातो, ही समजूत गावात चर्चच्या घंटेहूनही जुनी.

"थोतांड आहे ते," मास्तर म्हणाले. "मी लहानपणापासून खातोय. रोज."

"आणि लग्न कितीदा केलंत?" फिदेन्सियोने विचारलं.

बाक हसून हसून डुगडुगले.

"पुरावा समोरच उभा आहे, आणि म्हणे थोतांड," कोपऱ्यातून कोणीतरी म्हणालं.

मास्तरांचं लग्न झालंच नव्हतं. तरुणपणी शेजारच्या गावात एम्पेरात्रिस नावाची शिक्षिका होती. वर्षभर दर शनिवारी ती बसथांब्यापर्यंत त्यांच्यासोबत चालत यायची. वाटेवरच्या एकूण एका झाडाचं नाव आणि गुण मास्तरांनी तिला सांगितला. जे सांगायचं होतं तेवढं राहून गेलं, आणि तिची बदली झाली. माशुआचा त्यात काडीचा दोष नव्हता. पण हे कुणाला सांगणार?

"असं करू," फिदेन्सियो तोंड पुसत म्हणाला. "माशुआ खाऊन बाप झालेला माणूस दाखवा. एकच दाखवा. संत सांतियागोच्या जत्रेत भर चौकात मी ताटभर माशुआ खातो, आणि माझ्यामागे हे सगळे."

"शब्द?"

"शब्द."

मास्तरांच्या अंगात वारं शिरलं. खानावळ काढली होती ती याचसाठी. आपल्या मातीतलं गावाने एकदा तरी लाज सोडून खावं, बाकी काही मागणं नव्हतं. चुलीतलं खरं बायकांनाच ठाऊक, असं म्हणून त्यांनी त्याच दुपारी नळावर जाऊन चौकशी सुरू केली. बायका पदराआड हसाव्यात तशा शालीत तोंड लपवून हसल्या. मग घागरी उचलून घरी गेल्या.

दिवस कलता कलता मागच्या दाराशी ओब्दुलिया आली. फिदेन्सियोची बायको.

"मास्तर, तुम्ही बायकांना विचारत सुटलाय म्हणे."

"सुटलोय. तुला ठाऊक आहे का कोणी?"

"विचारणं थांबवा." तिने टोपी कपाळावर ओढली. "विचारत विचारत माझ्याच चुलीपाशी याल."

"म्हणजे?"

"तिसऱ्या पोरानंतर मी थकले हो. आई म्हणाली, माशुआ घाल, नवरा गपगार पडेल. तेव्हापासून रश्श्यात ठेचून घालते. त्याला वाटतं भोपळा आहे."

"मग?"

"मग काय? त्यावर चार झाली. शेवटची जुळी."

मास्तर हसले. त्या स्वयंपाकघरात इतके दिवस कोणी हसलं नव्हतं, की कोपऱ्यात पाळलेले गिनीपिगसुद्धा चिरचिरायचे थांबले. मग तीही हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"अजून घालतेस?"

"पोरांना आवडतो. त्यालाही आवडतो, पातेलं पुसून खातो."

"अगं, मग सांगू दे की मला. अख्खं गाव—"

"आणि मी का घालत होते, ते तो विचारणार नाही? भर चौकात, सगळ्यांसमोर?"

मास्तरांचा हात हवेतच राहिला.

"तुम्ही सांगता ते खरं आहे, मास्तर. एवढं कुणीतरी तुम्हाला सांगायला हवं होतं, म्हणून आले," ओब्दुलिया म्हणाली. "पण ते इथंच राहू द्या."

दुसऱ्या दिवशी बाक पुन्हा भरले. मास्तरांनी पाठ दिला, चमचे वाजले, माशुआ काठावर गेला.

"तुमचा रस्सा बरा आहे," फिदेन्सियो म्हणाला, "पण एकदा आमच्या घरचा खाऊन बघा. काय गोडी असते."

"वहिनी घालतात तरी काय?" शेजारच्याने विचारलं.

"कोण जाणे. हाताचा गुण. बरं मास्तर, सापडला का तुमचा माणूस?"

मास्तरांनी त्याच्याकडे पाहिलं. लालबुंद गाल, रुंद छाती, सात पोरं. जन्मभर शिकवलेल्या धड्याचा जिताजागता पुरावा समोर बसून दात कोरत होता. सगळे शब्द ओठांशी आले. इतकं सोपं उत्तर त्यांना वर्गातही कधी सापडलं नव्हतं.

"नाही," ते म्हणाले. "नाही सापडला."

हशा झाला. पाठीवर थापा पडल्या. उठणाऱ्याने मागे राहणाऱ्याला 'प्रोवेचो', अन्न अंगी लागो, म्हणून जायचं असतं. एकेक जण तसं म्हणत बाहेर पडला आणि ट्रक घाटाला लागले.

मास्तरांनी ताटं गोळा केली. प्रत्येक काठावरचा माशुआ निवडून आपल्या ताटात घेतला, वर थोडा रस्सा ओतला आणि लांब बाकावर येऊन बसले.

"हा माशुआ," ते सवयीने म्हणाले.

समोर कोणी नव्हतं. पुढचं काही न सांगता त्यांनी चमचा उचलला.