कुंकू पिणारी विहीर

वैशाखातल्या एका मंगळवारी खारवली गावातली झाडून सारी माणसं गावदेवीच्या विहिरीभोवती जमली होती, आणि देवी कुंकू पीत होती.

निदान कुंकूबाबा तसं सांगत होते. त्यांच्यापुढे नवी कल्हई केलेली मोठी परात होती आणि परातीत त्याच विहिरीचं पाणी. बाबांनी झोळीतून चिमूटभर विभूती काढली, कपाळाला टेकवली आणि पाण्यात सोडली. राखेतून लाल धागे सुटले, वळवळत तळाला गेले आणि बघता बघता परात रंगली. रंग खरं तर कुंकवापेक्षा पिकल्या जांभळाच्या जवळचा होता. पण भक्तीला एवढा फरक चालतो.

"आई भुकेली हाय!" बाबा गरजले. "गिरनारच्या गुहेत उपाशी बसून मी ह्ये कुंकू मिळवलं. घे आई! पी! ढेकर दे!"

गिरनारच्या उपासाची भरपाई बाबांच्या पोटावर दिसत होती. गावात आल्यापासून कोंबडी आणि नारळ यांत त्यांनी खंड पडू दिला नव्हता.

आरती झाली. मग पाटील भागोजींनी गाऱ्हाणं घातलं. भागोजींचं गाऱ्हाणं लांब असे. गाव, शीव, गुरं, मुंबईला गिरणीत असलेले चाकरमानी, यांतलं काहीच ते वगळत नसत. ते संपेपर्यंत परातीतला रंग फिका झाला, पिवळट झाला आणि नाहीसाच झाला.

"प्याली! आई प्याली!" बायका रडू लागल्या. पळीपळीने तीर्थ वाटलं गेलं.

मी या गावचा शाळामास्तर. हा प्रकार एरवी मी हसण्यावारी नेला असता. पण तेव्हा गावात पटकी, म्हणजे कॉलरा, शिरली होती. ओढ्याकडच्या घरांतली काही माणसं गेली होती. म्हसळ्याच्या दवाखान्यात निरोप धाडला, तर डॉक्टर दुसऱ्या गावांच्या साथीत गुंतलेले. अशा वेळी बाबा आले. बाबा कुठेच गुंतलेले नव्हते. ते आल्यावरही साथ थांबली नाही; रावजीचा कर्ता मुलगा एका दुपारी शेतातून आला तो संध्याकाळी उचलावा लागला.

गावात पिण्याच्या विहिरी दोनच. देवीची विहीर खालच्या अंगाला, बिनकठड्याची. शेजारच्या डबक्यात म्हशी बसत, काठावर धुणी होत आणि ते सगळं पाणी उताराने पुन्हा विहिरीत जाई. दुसरी विहीर नीराबाईच्या नारळी-पोफळीच्या वाडीत. दगडी कठडा, वर रहाट, पाणी नितळ आणि गोडं. नीराबाई विधवा, मूलबाळ नाही, जीभ तिखट. कळशी घासलेली नसेल तर ती कुणाला दोराला हात लावू देत नसे. तरी खाडीकाठी गोडं पाणी कुठलं? निम्मं गाव तिच्याकडेच येई. पाटलांची बायको बायजा तर तिची जिवाभावाची मैत्रीण. दोघी एकाच माहेरच्या.

बाबांनी नीराबाईच्या पाण्याचीही परीक्षा घेतली होती. त्यात विभूती टाकली, पाणी रंगलं, आरती झाली, गाऱ्हाणं झालं, सूर्य कलला. पण रंग हलेना.

"ह्ये कुंकू न्हाय, रगत हाय!" बाबा म्हणाले होते. "आई इथं थुकते! या पाण्यातनंच मरी उठली!"

त्याच दिवशी त्या विहिरीवर काटेरी फांद्यांचा झाप पडला, आणि तो ओढून आणला बायजाने. दुसऱ्या दिवशी नीराबाईच्या कौलांवर दगड पडले. मग पारावर हळूहळू बोललं जाऊ लागलं की साथ थांबायची तर नीराबाईला शिवेबाहेर घालवायला हवं. माझ्या शाळेतली पोरंसुद्धा तिच्या वाडीवरून जाताना थुंकू लागली.

माझी धाकटी बहीण कमळ मुंबईच्या एका इस्पितळात नर्स होती. रजा घेऊन आगबोटीने ती नेमकी त्या मंगळवारी आली आणि सामान टाकून माझ्याबरोबर देवीच्या विहिरीवर आली. ती परातीकडे फारशी पाहत नव्हती. बाबांच्या हातांकडे पाहत होती.

"दादा, त्यांची बोटं पाहिलीस? तपकिरी आहेत."

"राख असेल."

"राख धुतली की जाते. हे डाग जात नाहीत. आमच्या वॉर्डात सगळ्यांच्या बोटांवर असतात."

दुपारी भागोजींकडून माणूस धावत आला. त्यांची नात राही हिला जुलाब-उलट्या सुरू झाल्या होत्या.

आम्ही गेलो तेव्हा सहा वर्षांची पोर चटईवर चिंधीसारखी पडली होती. डोळे आत गेलेले. बायजा पळीने तिच्या तोंडात तीर्थ घालत होती. एक पळी राहीला आणि एक, आईची कृपा म्हणून, स्वतःला.

कमळने पळी काढून घेतली. "हे पाणी बंद करा. नीराबाईच्या विहिरीचं आणा, खळखळून उकळा. मीठ घालून पेजेचं पाणी पाजायचं, ओकली तरी पुन्हा पाजायचं."

"त्या रांडेच्या पाण्यानं तर मरी आली!" बायजा कडाडली. "माझी पोर मारतीस?"

"पाटील," कमळ भागोजींकडे वळली, "उद्या सकाळी बाबांकडूनच निवाडा करून घेऊ. ते म्हणतील ते मी मानीन. तोवर हिच्या पोटात जाईल ते माझ्या हातचं."

भागोजींनी नातीकडे पाहिलं. "द्या तुमचं," ते शेवटी म्हणाले आणि बाहेर जाऊन बसले. काटे जरासे सारून कमळने आणि मी नीराबाईच्या विहिरीतून कळशीभर पाणी काढून आणलं.

सकाळी विहिरीवर पुन्हा गर्दी झाली. साहेब आला तर असावेत म्हणून भागोजींनी जपून ठेवलेले काचेचे तीन पेले कमळने मांडले. तिन्हींत पाणी होतं, कुठलं ते तिने सांगितलं नाही.

"बाबा, मी मुंबईची, विश्वास बसायला जड जातं," ती नम्रपणे म्हणाली. "यातल्या कुठल्या पाण्यात आई आहे, ते दाखवा."

"आईला मी अंधारात वळखीन!" बाबा म्हणाले आणि प्रत्येक पेल्यात चिमूट सोडली. तिन्ही पेले सारखेच लाल झाले. भागोजींनी गाऱ्हाणं सुरू केलं, पण आवाज लागत नव्हता. लोकांचं लक्ष पेल्यांवर होतं.

पहिला पेला होता तसाच राहिला. दुसऱ्यातला रंग हळूहळू उतरला. तिसऱ्यातला मात्र गाऱ्हाणं गुरांपर्यंत पोचायच्या आतच पार गेला.

"हा!" बाबांनी तिसरा पेला उंच धरला. "हिथं आई परतेक्ष हाय! असं जागृत पाणी मी गिरनारला बी पाह्यलं न्हाय!"

"मग प्या ना, बाबा. पहिलं तीर्थ तुमचं."

बाबांनी पेला ओठांशी नेला. कमळने त्यांचं मनगट पकडलं. रोगी वाढवणं तिच्या कामात बसत नव्हतं.

"थांबा. यात पाटलांच्या गोठ्यातल्या मोरीचं पाणी आहे."

मग मागून कुणीतरी फसकन हसलं.

"पहिला पेला नीराबाईच्या विहिरीचा," कमळ पुढे म्हणाली. "दुसरा देवीच्या विहिरीचा. तिसराही नीराबाईचाच होता, मी त्यात मोरीचं चमचाभर पाणी मिसळलं. बाबांच्या राखेत एक औषध आहे, परमँगनेट. जांभळे खडे असतात. पाण्यात घाण असली की ते घाणीशी झुंजतं आणि त्यात त्याचा रंग खर्ची पडतो. पाणी स्वच्छ असलं की झुंजायला काही नसतं, म्हणून रंग टिकतो. रंग जितका लवकर जातो, तितकं पाणी घाण. देवीच्या विहिरीत काय जातं ते तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत आहे."

सगळ्यांची नजर डबक्याकडे गेली. म्हशी नेहमीप्रमाणे बसल्या होत्या.

बाबा झोळी आवरून उठू लागले, तसा रावजीने त्यांचा खांदा धरला. ज्याचा कर्ता मुलगा गेला, त्याच्या हातात जोर फार होता. "बोल," तो म्हणाला. "माज्या पोराला तू पाच दीस हेच पाजलंस. ठावं व्हतं तुला?"

बाबांचा गिरनार तिथेच संपला. "मी... विहिरीत औषध टाकणाऱ्या साहेबाची पेटी उचलायचो, पेणकडं. रंग राहिला की लोक शिव्या द्यायचे, विहिरी सोडायचे. रंग गेला की खूश. मला वाटलं, रंग जातो ते पाणी देवीचं म्हटलं की लोक खूश राहतील." भागोजींनी त्यांना म्हसळ्याच्या फौजदाराकडे पाठवलं. रावजीने स्वतः नेलं, आणि एकदाही हात उगारला नाही.

झोळीत त्या खड्यांची भरलेली डबी निघाली. पटकीच्या साथीत विहिरीत टाकायचं खरं औषध बाबा इतके दिवस खांद्यावर वागवत होते आणि गावाला चिमटी-चिमटीने परातीत दाखवत होते. कमळने बादलीत खडे विरघळवून ते पाणी देवीच्या विहिरीत ओतायला लावलं, रंग टिकेपर्यंत. त्या दिवशी विहीर लाल राहिली आणि कुणीही तिला रक्त म्हटलं नाही.

बायका कळश्या घेऊन नीराबाईच्या वाडीपाशी गेल्या. आत जायचं धाडस कुणाला होईना. नीराबाईने एकटीने काटे ओढून बाजूला केले. तिचे हात रक्ताळले. दोर विहिरीत सोडला आणि घरात निघून गेली.

राही वाचली. बायजा नाही. नातीबरोबर तिने घेतलेल्या पळ्या तिला भोवल्या. त्याच दुपारी तिला जुलाब लागले ते थांबलेच नाहीत. उकळलेलं पाणी घेऊन नीराबाई न बोलावता आली, मैत्रिणीचं डोकं मांडीवर घेऊन थेंब थेंब पाजत बसली.

"नीरे," बायजा म्हणाली, "ते काटं मीच..."

"ठावं हाय मला. पी तू."

ती प्यायली. संध्याकाळी गेली.

बायजा वाईट बाई नव्हती. भागोजीही मूर्ख नव्हते. नात मरणाच्या दारात असताना कुणी मोठ्या आवाजात खात्री दिली, तर माणूस ती घेतो. म्हणूनच हे लिहिलं. साथीत पाणी उकळून प्या. विहिरीला कठडा बांधा, गुरं आणि धुणी लांब न्या. आणि कुणी चमत्कार दाखवला तर हात जोडायच्या आधी एवढंच विचारा की हे झालं कसं. आम्ही हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारला असता, तर परातीपुढे बसलेली काही माणसं आज आमच्यात असती.