सुई फिरत नव्हती

झाडावर सुयांसारखी पानं दिसली की लोकांना सगळं पाइनच वाटतं. मी वनस्पती संग्रहालयाच्या सूचिपर्णी विभागात काम करते आणि एवढ्या एका गोष्टीवरून आजवर कित्येकांच्या वाकड्यात शिरले आहे. सुया झुबक्यानं आल्या असतील तर पाइन. एकेकट्या असतील तर एक तोडा आणि चिमटीत फिरवून बघा. पेन्सिलीसारखी फिरली तर स्प्रूस. चपटी असेल, फिरत नसेल, तर फर किंवा त्यांच्यातलंच आणखी कोणी. पण डोळे असून बघायचंच नाही म्हटल्यावर कोण काय करणार.

स्प्रूसची एक वाईट सवय आहे. फांदी तशीच दाबून वाळवली तर सगळ्या सुया गळतात आणि कागदावर नुसती काडी उरते. म्हणून आम्ही फांद्या आधी उकळत्या पाण्यात बुडवून काढतो. संग्रहालयातली शेगडी बिघडल्यापासून हे काम मी घरी, एका जुन्या पातेल्यात करत होते. उरलेलं पाणी आत्या पीत असे. स्प्रूसचं पाणी बाधत नाही, हे मीच तिला सांगितलं होतं. सकाळी त्यात मध घालून ती ते घ्यायची आणि घसा मोकळा झाला म्हणून दिवसभर बोलत राहायची. जन्मभर टेलिफोन ऑपरेटर होती, बोलण्याला खळ नाही. मला लहानाचं मोठं तिनंच केलं. तिच्याशिवाय मला माझं म्हणावं असं कोणी नाही.

आमच्या डोक्यावर, वरच्या मजल्यावर, मास्तर एकटे राहत. त्यांचा खोकला पहाटे सुरू व्हायचा तो थांबायचाच नाही. "आपलं छत खोकतंय," आत्या म्हणायची. "ह्या माणसानं आठवडाभर माझा डोळा लागू दिलेला नाही."

काल संध्याकाळी जुन्या बागेच्या माळ्यानं पाठवलेली जुडी मी उकळायला घेतली. एकाच रांगेतल्या स्प्रूसच्या फांद्या आहेत, असा त्याचा निरोप होता. दुसऱ्याच्या निरोपावर विसंबू नका, हे मी नव्या लोकांना घसा कोरडा होईस्तोवर सांगते. पण स्वयंपाकघरातला दिवा मिणमिणता, मी दमलेली, आणि पातेल्यातून राळेचा ओळखीचा वास येऊ लागला होता. मी सगळी जुडी एकदम बुडवली. फांद्या कागदात गुंडाळल्या, पाणी ओट्यावर झाकून ठेवलं आणि झोपले. आज सकाळी आत्या उठायच्या आत फांद्या घेऊन कामावर आले.

दुपारी त्या टेबलावर मांडत होते. शेजारी शेवाळवाली डबा उघडून बसली होती. ती शेवाळांवर काम करते, म्हणून तिला सगळे तेच म्हणतात. तिला गंमत दाखवावी म्हणून मी हाताला लागलेल्या फांदीची एक सुई तोडली आणि चिमटीत धरली. सुई फिरत नव्हती.

"तुझं यंत्र अडकलं वाटतं," शेवाळवाली म्हणाली.

"चपटी आहे. जुडीत फर घुसलीय." मला माळ्याचा राग आला. मी सुई उलटी करून भिंगाखाली धरली. फरच्या सुईला खालून बहुतेक दोन पांढऱ्या रेघा असतात. हिला नव्हत्या. खालची बाजू नुसती फिकट हिरवी होती.

"मग कोण ही?"

मी फांदीची साल नखानं खरवडून नाकाशी नेली. राळेचा वास नाही. बाकीच्या फांद्यांना होता, त्यांच्याच वासानं काल मला फसवलं होतं. मग मी फांदी उजेडात फिरवून शंकू शोधू लागले. शंकू सापडला नाही. एका सुईच्या बगलेत उकडून सुरकुतलेली छोटी लाल वाटी होती, आणि वाटीत एकच बी, उघडं.

ते यू नावाचं झाड होतं. त्याच्या पानांत आणि बीत विष असतं, आणि ते थेट हृदय बंद पाडतं. उकळल्यानं ते जात नाही, पाण्यात उतरतं.

"आत्या," मी म्हणाले, "आत्या ते पाणी पिते."

मी घरी फोन लावला. आत्या दुसरी घंटा होऊ देत नाही, हाताला तशी सवयच आहे. फोन वाजत राहिला. पुन्हा लावला. पुन्हा वाजत राहिला.

"तू नीघ," शेवाळवाली म्हणाली. "ॲम्ब्युलन्सला पत्ता मी देते."

रस्ता कसा सरला मला आठवत नाही. सगळ्या जगाला ओळख शिकवत फिरणारी मी, आणि दिव्याखाली अंधार, एवढंच डोक्यात फिरत होतं. जिन्यात शुकशुकाट होता. किल्ली लावून दार उघडलं. आत गेले तर ओट्यावर पातेलं घासून पालथं घातलेलं. आत्या पलंगावर भिंतीकडे तोंड करून निजलेली. उशाशी फोन.

मी तिचा खांदा धरून हलवला. तो गरम होता. तिनं कूस बदलली आणि वैतागून डोळे उघडले.

"काय गं? आज एवढ्या लवकर?"

"आत्या, पाणी प्यायलीस?"

"कसलं पिते? कडूजहर झालं होतं. जिभेला लावलं आणि थुंकले. काय उकळलंस कोण जाणे."

मी तिच्या पायाशी बसले आणि रडले. एवढा आनंद मला आजवर कशाचा झाला नव्हता. ती उठून बसली, माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

"वेडी कुठली. रडायला काय झालं?"

"काही नाही. फेकून दिलंस ते बरं केलंस."

"फेकते कशाला? तुझी मेहनत वाया घालवू? सकाळीच मास्तरांना नेऊन दिलं, चांगला दुप्पट मध घालून. नको नको म्हणत होते. म्हटलं, माझ्या भाचीनं पारखलेलं आहे, बिनधास्त घ्या. माझ्यादेखत पेला रिकामा केला बिचाऱ्यांनी."

खाली ॲम्ब्युलन्सचा आवाज जवळ येत होता. आत्यानं समाधानानं छताकडे बोट केलं.

"आणि गुण बघ कसा आला. तेव्हापासून एकदाही खोकले नाहीत. म्हणून तर माझा डोळा लागला."