बरणीचं गाणं कुणी पाहिलं?

आमच्या घरात सिनेमा सहकुटुंब पाहतात. म्हणजे सिनेमातला काही भाग पाहतात. उरलेल्या भागात प्रत्येकाला काम नेमून दिलेलं आहे. नायक-नायिका पावसात सापडले की नान्ना, म्हणजे आमचे वडील, चष्मा पुसायला घेतात. अम्मा पर्समध्ये वेलदोडा शोधते. तो तिला आजवर सापडलेला नाही, कारण ती पर्समध्ये वेलदोडा ठेवतच नाही. मी थिएटरच्या दारावरच्या हिरव्या दिव्याकडे पाहतो. हिमजाअक्का डोळे मिटते. पाऊस थांबला की आम्ही पुन्हा एक कुटुंब होतो.

कुकटपल्लीतल्या आमच्या इमारतीत सगळ्याच घरांत ही पद्धत आहे, त्यामुळे तिच्यात काही विशेष असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

अक्का प्रसूतीच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर आहे. बाळाला अंगावर कसं पाजायचं ते नव्या आयांना शिकवणं हे तिचं दिवसभराचं काम. तिथेच सुमंत भूल देतो. दोघांचं दोन वर्षांपूर्वीच जमलं होतं. पण घरच्यांना तसं सांगायची सोय नसल्यामुळे हे स्थळ कुणीतरी सुचवणं भाग होतं. ते कुणीतरी म्हणजे मी. नान्ना म्हणाले, "स्वतःचा शर्ट निवडता येत नाही, आणि हा स्थळं सुचवतोय!"

खरी अडचण सुमंतच्या आईची होती. विशालाक्षी गारू. गारू म्हणजे आमच्याकडचं 'बाई' किंवा 'साहेब'. महिला कॉलेजच्या निवृत्त प्राचार्या, आणि आता सिनेमे पास करणाऱ्या कमिटीवर. याआधी त्यांनी दोन मुली नापास केल्या होत्या. एक बोलताना फार हात हलवते म्हणून, आणि दुसरी मुळीच हलवत नाही म्हणून. आईचा होकार आल्याशिवाय सुमंत लग्न करणार नव्हता. भुलीचा डॉक्टर तो, समोरचं माणूस शांत झाल्याशिवाय कशालाच हात लावू देत नाही. आणि अक्काने मला स्वयंपाकघरात गाठून सांगितलं होतं, "केलं तर याच्याशीच करणार. नाहीतर तुम्ही मला स्थळं दाखवत बसा, मी तुम्हाला दार दाखवीन."

विशालाक्षी गारूंनी निरोप पाठवला: घरी येऊन खुर्च्यांवर बसायचं आणि एकमेकांचे पडदे बघायचे, यात काही अर्थ नाही. दोन्ही कुटुंबं मिळून सिनेमाला जाऊ. माणूस अंधारात कळतो.

सिनेमाही त्यांनीच निवडला. त्यांनी स्वतः पास केलेला. नावाचा अर्थ एवढाच की 'थोरल्या भावाची छत्री'. "अगदी स्वच्छ, कौटुंबिक," त्या फोनवर म्हणाल्या. सुमंतने अक्काला बजावून ठेवलं, "नंतर ती विचारेल, कसा वाटला. तू फक्त म्हणायचं, फार स्वच्छ आहे, आंटी. पुढे एक अक्षर नाही."

"आणि नसला स्वच्छ तर?"

"हिमजा, तुला लग्न करायचंय की परीक्षण लिहायचंय?"

सिनेमा सुरू झाला. थोरला भाऊ पहाटे ओट्यावर बसून स्टीलच्या पेल्यातून कॉफी पीत होता. पेला धूसर केलेला होता आणि खाली ओळ येत होती, 'मद्यपान आरोग्यास घातक आहे'. मग अंगणात एक बैल आला. ओळ आली, 'हा बैल संगणकावर तयार केलेला आहे'. बैलाने शेण टाकलं. त्याबद्दल काहीच ओळ आली नाही.

धाकटा भाऊ सहा वर्षांनी लष्करातून परतला. बायकोला पाहून फाटकातून जो धावत सुटला तो थेट जेवणाच्या पानावर येऊन बसला. मधलं काहीतरी कापलं होतं. ती सांबार वाढत होती, पण दोघांनाही धाप लागलेली होती.

मग तिला मूल झालं. गावची डॉक्टरीण म्हणाली, "पहिले सहा महिने बाळाला फक्त..." आणि पुढे टुंईं असा आवाज आला. मागच्या रांगेतल्या एका मुलाने वडलांना विचारलं, "फक्त काय, नान्ना?"

"गप्प बस. घाण शब्द आहे."

अक्काने खुर्चीचा हात असा आवळला की पलीकडच्या माणसाची कॉफी सांडली.

मारामाऱ्यांना मात्र कात्री लागलेली नव्हती. थोरल्या भावाने छत्रीच्या एका फटक्यात एकाचं मुंडकं उडवलं. ते देवळाच्या घंटेवर आदळलं, घंटा वाजली, आणि विशालाक्षी गारूंनी हात जोडले.

मध्यंतरानंतर भावांच्या आईची साठी होती. पाटावर आई, भोवती सुना, भटजी मंत्र म्हणताहेत, आणि माणसाएवढी चिनी मातीची लोणच्याची बरणी ढकलत अंगणात आणली गेली. बरणीतून एक उघडा हात वर आला. "मी कैरीची फोड, मला तिखट लाव..." एवढी ओळ कानावर आली आणि आमच्या रांगेत सगळे आपापल्या कामाला लागले.

मी दिव्याकडे पाहिलं. दिवा बंद होता. आयुष्यात पहिल्यांदा मला कुठे पाहावं ते कळेना. पडद्याकडे पाहणं शक्यच नव्हतं, अम्मा शेजारी होती. म्हणून मी रांगेकडे पाहिलं. अम्मा पर्समध्ये. नान्ना चष्म्यात. सुमंत वाकून बुटाची नाडी बांधत होता. त्याच्या पायात चपला होत्या. आणि त्याच्या पलीकडे विशालाक्षी गारू, मान पूर्ण खाली. पर्समधून डबी काढली, डबीतून रुमाल, रुमालातून दुसरा रुमाल. तो उलगडला, घडी केली, परत उलगडला. हात असा बसलेला की त्यांच्यापुढे आमची अम्मा नवशिकी वाटावी. गाण्याचा शेवटचा ठेका पडला आणि त्याच क्षणी त्यांची मान वर आली. अक्का नान्नांच्या पलीकडे होती, ते चष्म्यावर वाकल्यामुळे ती मला दिसली नाही.

सिनेमा सुटल्यावर आम्ही तिथल्याच कॅन्टीनमध्ये बसलो. मिरची भजी आली, कॉफी आली. विशालाक्षी गारूंनी पेला खाली ठेवला.

"मग, हिमजा? कसा वाटला?"

सुमंत श्वास धरून बसला.

"फार..." अक्का म्हणाली, आणि थांबली. "आंटी, त्या डॉक्टरणीच्या तोंडचा तो शब्द तुम्ही का काढलात?"

सुमंतने सोडलेला श्वास मला समोर बसून ऐकू आला.

"मुलगी दमलीय," नान्ना घाईने म्हणाले. "रात्रपाळी होती. भजी घ्या ना, विशालाक्षी गारू."

"तिला बोलू द्या," विशालाक्षी गारू म्हणाल्या. "शब्द जरा... उघडा वाटला. घरातली पोरं असतात बरोबर."

"ती पोरं त्याच्यावरच मोठी झालीत. मी दिवसभर तोच शब्द बोलते. उद्या एखादी बाळंतीण हा सिनेमा बघून येईल आणि म्हणेल, डॉक्टर, तुम्ही घाण बोलता. आणि वर तुम्ही ते बरणीचं गाणं जसंच्या तसं ठेवलंत!"

अम्माने टेबलाखालून अक्काला लाथ मारली. ती मला लागली.

"कुठलं बरणीचं गाणं?" विशालाक्षी गारू म्हणाल्या.

त्या थट्टा करत नव्हत्या. त्यांचा चेहरा खरोखरच कोरा होता.

"साठीच्या वेळचं," मी म्हणालो.

"साठीला गाणं आहे?" त्यांनी बराच वेळ आठवून पाहिलं. "थांब. आम्ही कमिटीवरचे पाचजण पाहत होतो. बरणी आली, हे आठवतंय. मग शास्त्री गारूंनी डबा उघडला. कर्नलसाहेबांना फोन आला, म्हणजे त्यांनी तो कानाला लावला. आम्ही दोघी बायका... आता परपुरुषांच्या शेजारी बसून बरं दिसतं का ते? मी रुमाल शोधत होते. वर पाहिलं तर आई केक कापत होती."

"आणि पाचवे?"

"ते पहिल्यापासूनच झोपलेले असतात."

"म्हणजे कुणीच पाहिलं नाही?" अक्का म्हणाली.

"न पाहिलेल्या गोष्टीवर आक्षेप कसा घ्यायचा, बाळ? ते नियमात बसत नाही." मग त्यांनी आवाज खाली आणला. "होतं तरी काय त्यात?"

त्यांनी अम्माकडे पाहिलं. अम्मा म्हणाली, "मी वेलदोडा शोधत होते." नान्ना म्हणाले, "माझ्या चष्म्यावर वाफ आली होती." एसीमध्ये. सुमंतने नुसतेच पाय खुर्चीखाली घेतले. मी दिव्याबद्दल काहीतरी सांगायला लागलो, पण मलाच ते पटेना. अख्खं थिएटर भरलेलं होतं, आणि ते गाणं पाहिलेला माणूस सापडत नव्हता.

"मी पाहिलं," अक्का म्हणाली.

अम्माने डोळे मिटले. सुमंतने कपाळाला हात लावला. हात हलवण्यावरून मुलगी नापास करणाऱ्या बाईसमोर आमची मुलगी हे बोलली होती.

"सगळं?" विशालाक्षी गारूंनी विचारलं.

"सगळं. नेहमीच बघते. डोळे मिटल्यासारखं करते फक्त."

एवढी वर्षं! मी अक्काकडे पाहिलं. ती माझ्याकडे पाहत नव्हती.

"शेवटी काय होतं?"

"थोरला भाऊ बरणीत उतरतो."

"छत्रीसकट?"

"उतरतो आणि मग उघडतो."

"मावते?"

"तुम्हीच बघा ना, आंटी. मी सांगून काय उपयोग? मी म्हणेन घाण, हा माझा भाऊ म्हणेल कला."

"मी काहीच म्हणत नाही," मी म्हणालो.

विशालाक्षी गारू उठल्या. फोनवर वेळा पाहायला सुमंतला सांगितलं. वरच्या पडद्यावर याच सिनेमाचं मध्यंतर नुकतंच संपलं होतं. त्यांनी अक्काचा दंड धरला आणि दोघी जिन्याने वर गेल्या. वरून दारावरच्या माणसाचा आवाज आला, "मॅडम, अर्धा सिनेमा गेलाय."

"आमचं उरलेल्या अर्ध्यातच काम आहे."

आम्ही चौघं खाली बसून राहिलो. भजी गार झाली. नान्ना म्हणाले, "सासूबाईंना असलं गाणं दाखवायला नेलं! आपल्या सात पिढ्यांत असं झालं नाही." अम्मा म्हणाली, "सात पिढ्यांत सिनेमा तरी कुठे होता?" सुमंत जिन्याकडे बघत होता, आणि पेशंट टेबलावरून उठून चालायला लागल्यावर डॉक्टरचा होईल तसा त्याचा चेहरा झाला होता.

मग जिन्यात आवाज आले. दोघींचे, एकाच वेळी, आणि चढे.

"बरणी काढून टाकली तर गाण्यात उरतं काय?" हा अक्काचा.

"तेच तर म्हणतेय मी! काही उरायला नकोय!"

"मग सरळ मोठ्यांसाठीचा सिनेमा म्हणून पास करा. मोठी माणसं बघतील. पण मुंडकी उडतात त्याला कौटुंबिक म्हणू नका."

"आणि त्या बाईच्या अंगावर मिरचीपूड उधळतात, आग नाही होत तिची? ती ओळ कुठेय, की पूड संगणकावर तयार केलेली आहे?"

"आणि तो शब्द?"

"शब्द परत घालायला सांगते. ते मान्य. पण बरणीचं मान्य नाही!"

नान्ना खुर्चीत खचले. "संपलं. भांडताहेत."

सुमंत मात्र उठून उभा राहिला, आणि त्या दिवसात पहिल्यांदाच हसला. "अंकल, माझी अम्मा परक्या माणसाशी कधी भांडत नाही. त्यांना ती फक्त नमस्कार करते आणि दुसऱ्या दिवशी नकार कळवते."

तोवर विशालाक्षी गारू टेबलापाशी पोहोचल्या होत्या. चेहरा लाल, पदर सुटलेला, दोन्ही हात हवेत. "कोंडलराव गारू, तुमची मुलगी भयंकर हट्टी आहे. वरिष्ठांचं ऐकायचं म्हणून नाही! लग्न झाल्यावर मी हिला चांगली सरळ करणार आहे, आत्ताच सांगून ठेवते."

"जरूर करा," नान्ना हात जोडत म्हणाले. "आम्हाला ते जमलेलं नाही."