भुताला दोर कशाला

शीलाने जळकोटजवळच्या या गावात बदली मागून घेतली, तेव्हा सगळ्यांना नवल वाटलं. तिची थोरली बहीण पुनम याच गावात दिली होती आणि इथल्याच विहिरीत गेली, हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. सासरच्यांनी ‘उडी मारली’ म्हटलं आणि वर्षभरात गाव सोडलं. पुनमने खरंच उडी मारली की ती पडली, एवढंच शीलाला हवं होतं. माहेरी, उमरीला, आई त्या दिवसापासून पुनमचं नाव घेत नव्हती.

शीलाचा विषय विज्ञान. मराठीचे सर रजेवर गेले म्हणून नववीचा तास तिच्याकडे आला. कथेचा धडा होता. तिने फळ्यावर लिहिलं: निवेदक, स्थळ, वातावरण.

“गावातली एखादी गोष्ट सांगा. मग हे तिन्ही त्यात शोधू.”

ज्ञानेश्वरी उठली. “आमच्या विठाआजीची सांगू, मॅडम? भुताची हाय.”

“सांग.”

“भर दुपारी मळ्यात हाक आली तर ओ द्यायची न्हाई. तीनदा आली तरच माणूस. भुताला तिसरी हाक मारता येत न्हाई. तर आजी एकटीच सरपण आणत होती. ऊन लई. पाखरू न्हाई. विहिरीतून हाक आली, ‘विठामावशी!’ आजी जागेवर थिजली. मग पुन्हा, ‘मावशी, दोर टाका!’ आजी थांबली. तिसरी काही आली न्हाई. आजी पळत घरी. आजीनं ओ दिली न्हाई, म्हणून त्याच दिवशी भुतानं पुनमकाकूला नेलं.”

मागून अंगद म्हणाला, “पण भुताला दोर कशाला लागतो गं?”

पोरं खो-खो हसली. “वर यायला!” कुणीतरी म्हणालं.

शीलाने फळ्यावरच्या ‘वातावरण’ शब्दाखाली रेघ ओढली. तिला धडा पुढे न्यायचा होता. “या गोष्टीत वातावरण कशाने आलंय?”

“उन्हानं. पाखरू न्हाई, त्यानं.”

“ते काढून टाका. काय उरलं?”

ज्ञानेश्वरीने विचार केला. “विहिरीतून कुणीतरी दोर मागितला.” एवढं बोलून ती थांबली. तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला. शीलाने घाईने फळा पुसला आणि तास संपायच्या आधीच वर्ग सोडला.

व्हरांड्यातून तिने आईला फोन लावला आणि ऐकलेलं सगळं जसंच्या तसं सांगितलं.

“आई, तिनं उडी मारली नव्हती. तिला वर यायचं होतं.”

आई म्हणाली, “पुनम. माझी पुनम.” मग तिने विचारलं, “ती बाई हाय का अजून?”

“हाय. शाळेच्या मागंच घर हाय तिचं.”

“तिला काही बोलू नको. भूतच होतं असं समजून जगली ती. आता या वयात कुठं जाईल?”

“आणि तिच्या नातीनं विचारलं तर?”

आईने फोन ठेवून दिला.

ज्ञानेश्वरी दप्तर छातीशी धरून व्हरांड्याच्या टोकाला उभी होती. घरी जायला तिचा पाय निघत नव्हता.

“मॅडम,” ती म्हणाली, “ते भूतच होतं ना?”

शीलाच्या कानात आता पुनमचा आवाज होता. इतक्या वर्षांत तो कसा होता हेच ती विसरून गेली होती. ती ज्ञानेश्वरीजवळ गेली, पण तोंडून ‘हो’ निघेना.