काज-बटन

वाहेदभाईंनी ती नळी डॉक्टरांच्या टेबलावरून उचलली, चिमटीत धरली आणि खिडकीच्या उजेडाकडे नेली. पांढरी, अंगठ्याएवढी जाड, बारीक चुण्यांची. नखानं तिची कडा खरवडून पाहिली. दशा निघाली नाही.

"पॉलिस्टर हाये."

"हो," डॉक्टर प्रसेनजित म्हणाले.

"अब्बा, ठेवा न ते," बिलाल कुजबुजला आणि हसला. "साधं ऑपरेशन हाये. तीन-चार घंट्याचं काम."

लेकाच्या त्या हसण्यावरच वाहेदभाईंचा विश्वास नव्हता. ते हसू त्यांच्या ओळखीचं होतं. देऊळगाव राजात चाळीस वर्षं त्यांनी शिवणकाम केलं होतं. कापड गाठोड्यातून निघालेलंही नसायचं, गिऱ्हाईक दारात येऊन उभं राहायचं, आणि वाहेदभाई असंच हसून म्हणायचे, "झालंच समजा, काज-बटन तेवढं राह्यलं."

मुतखड्यासाठी सोनोग्राफी करणारा माणूसही असाच हसला होता. बेंबीमागच्या मोठ्या रक्तवाहिनीला जरासा फुगा आहे म्हणे, घाबरू नका. तेव्हापासून वाहेदभाई घरात आले की बोलणी थांबायची. सून हीना मोबाइल पालथा ठेवायची. न मागता चहा यायचा. एवढं गोड सगळे कशासाठी बोलत होते?

"फुगा म्हंजे काय झालं नेमकं?" त्यांनी डॉक्टरांना विचारलं.

"भिंत विरली आहे, बाबा. गुडघ्यावर पँट विरते तशी. म्हणून ती फुगली. फुटली, तर दवाखाना गाठणं कठीण."

"अन् तुम्ही ही नळी तिथं शिवणार."

"हो. हातानं."

"विरल्या कापडाले टाका धरत नाही, डॉक्टरसाहेब."

बिलालनं कपाळाला हात लावला. डॉक्टर मात्र खुर्चीत पुढे सरकले.

"विरल्या जागी नाहीच शिवत. त्याच्या वर आणि खाली चांगली भिंत असते, तिथं शिवतो."

"ते चांगलं हाये?"

"फोटोत चांगलं दिसतं." डॉक्टर म्हणाले. "खरं काय ते पोट उघडल्यावरच कळेल. शंभरात चार-पाच जण वाचत नाहीत."

"डॉक्टर!" बिलालचा आवाज चढला.

वाहेदभाई डॉक्टरांच्या तोंडाकडे बघत राहिले. हा माणूस हसत नव्हता. त्यांनी नळी अलगद टेबलावर ठेवली, पिळवटलेल्या चुण्या बोटानं सारख्या केल्या.

"सही कुठं करू?"

सोमवारी भरती व्हायचं ठरलं. दुपारच्या बसनं बापलेक परतले. बिलाल स्टँडवरच मागे रेंगाळला.

दुकानाच्या मागच्या खोलीत त्यांची बायको अमीरबी सदऱ्याला काज करत बसली होती. दुकान उघडलं तेव्हापासून सगळी काजं तिच्याच हातची.

"काय म्हणले हो?"

वाहेदभाई खुंटीला टोपी अडकवत हसले.

"काई नाही. झालंच समजा. काज-बटन तेवढं राह्यलं."

सुई थांबली. अमीरबीनं दातानं दोरा तोडला आणि सदरा घडी करून बाजूला ठेवला.

"काज तं मीच करते न," ती म्हणाली. "कापड बेतलं का नाही, तेवढं सांगा."